देवाचा कौल, लोकांचा कौल

माझी आजी एक गोष्ट सांगायची. १९६७ सालचा जानेवारी महिना. आमच्या सर्वण गावात त्या दिवसांत 'फूल' की 'दोन पाने' यापलीकडे दुसरा विषय नव्हता. फूल म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा, दोन पाने म्हणजे संघप्रदेश म्हणून वेगळा ठेवायचा. आजोबा पक्के फुलवाले. डिचोली, पेडणे, सत्तरी हा सगळा भागच तसा. पण आजोबांचे धाकटे भाऊ मुंबईला गिरणीत होते. त्यांचे कार्ड आले, "दादा, नीट विचार करून मत द्या. इथे चाळीत आपल्या गोव्याला कोण विचारतो?" त्या एका कार्डाने आधी घरात आणि मग वाड्यावर चर्चा पेटली. शेवटी चार जाणती माणसे उठून देवळात गेली. गाऱ्हाणे घातले, देवाला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर फूल, डावी पडली तर दोन पाने. सकाळची दुपार झाली तरी एकही पाकळी पडेना. तेव्हा गुरव म्हणाला, "देव उलयना. हें तुमचें तुमी पळयात." मंडळी घरी परतली आणि १६ तारखेला ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे मत दिले.

या गोष्टीला आजीने किती तिखटमीठ लावले होते ते देव जाणे. पण गेली काही वर्षे ती मला सारखी आठवते. त्या ओपिनियन पोलला आपण मराठीत 'जनमत कौल' म्हणतो. कौल हा शब्द मूळचा अरबी. जुन्या कागदपत्रांत तो सरकारने दिलेल्या वचनाचा, अभयाचा. देवळात तो देवाच्या उत्तराचा. आणि निवडणुकीनंतर वर्तमानपत्रांत तो मतदारांचा. सरकार, देव आणि लोक या तिघांच्याही शब्दाला आपण एकच नाव दिले आहे. त्यामुळे धर्म आणि राजकारण यांची सरमिसळ हल्लीच सुरू झाली, असे जेव्हा कोणी म्हणतो तेव्हा मला थोडे हसू येते.

हा विषय निघण्याचे कारण आमची कचेरी. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत राममंदिराची प्राणप्रतिष्ठा झाली. गोवा सरकारने त्या दिवशी सुट्टी दिली होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी डबे उघडले आणि वाद सुरू झाला. एक सहकारी म्हणाले, देश अखेर आपल्या धर्माकडे वळला. दुसरे म्हणाले, वळला नाही, वाहवत चालला. दोघेही शिकलेले, दोघेही सज्जन. गंमत अशी की भांडणाच्या मुळाशी दोघांचे एकमत होते. देश पूर्वीपेक्षा जास्त धार्मिक झाला आहे, हे दोघांनी धरूनच चालले होते. एकाला त्याचा आनंद होता, दुसऱ्याला काळजी. मला मात्र ते गृहीतच तपासून पाहावेसे वाटले. कारकुनाची सवय, आकडा आला की आधी तो कुठून आला ते विचारायचे.

तर धर्म मोजायचा कसा? २०२१ साली प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेने भारतातील धर्माविषयी एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे ३० हजार लोकांना प्रश्न विचारले होते. ९७ टक्के लोकांनी आपण देव मानतो असे सांगितले. ८४ टक्के म्हणाले की आपल्या जीवनात धर्माला फार महत्त्व आहे. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण हा ताप एकदाच पाहिलेला आहे. कालचा ताप किती होता हे माहीत असल्याशिवाय आज तो चढला की उतरला ते कसे सांगणार? १९५० साली हाच प्रश्न आमच्या पणजोबांना विचारला असता तर शंभरातले किती जण 'देव मानत नाही' म्हणाले असते? मला वाटते, प्रश्नच त्यांना कळला नसता.

जनगणनेचे आकडेही इथे उपयोगाचे नाहीत. मुक्तीच्या वेळी गोव्यात ख्रिस्ती लोक एकतृतीयांशाहून थोडे अधिक होते. २०११ च्या जनगणनेत ते २५.१ टक्के झाले. हिंदू ६६ टक्के, मुसलमान ८.३ टक्के. यावरून कोण बाहेर गेला, कोण बाहेरून आला, कोणाच्या घरी मुले कमी झाली ते समजते. कोणाची भक्ती वाढली ते समजत नाही.

मोठमोठे विद्वानही या बाबतीत चकले आहेत. पीटर बर्गर नावाचे समाजशास्त्रज्ञ अमेरिकेत होऊन गेले. एकविसाव्या शतकात धर्म मानणारी माणसे छोट्या छोट्या पंथांपुरतीच उरतील, असे त्यांनी १९६८ साली म्हटले होते. त्यानंतर १९७९ साली इराणमध्ये धर्मगुरूंची राजवट आली, पोलंडमध्ये चर्चच्या आधाराने कामगार कम्युनिस्ट सरकारविरुद्ध उभे राहिले, आपल्याकडे अयोध्येचे आंदोलन झाले. १९९९ साली याच बर्गर यांनी एका ग्रंथातून आपण चुकलो होतो असे मोकळेपणी मान्य केले. एवढ्या मोठ्या माणसाने चूक कबूल केल्यावर आपण तरी भाकिते करू नयेत. आपल्या पायाखाली काय आहे ते पाहावे.

आमच्या डिचोली तालुक्यात नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. या एका देवळात गोव्याच्या राजकारणाचा सगळा इतिहास सापडतो. सप्तकोटेश्वर हा कदंब राजांचा आराध्य देव. हे राजे आपल्या बिरुदांत सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा अभिमानाने उल्लेख करीत. म्हणजे आपल्याला राज्य कोणी दिले, तर देवाने प्रसाद दिला म्हणून! देऊळ तेव्हा नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. १५१० साली आफोंस द अल्बुकेर्कने गोवा जिंकला आणि पुढे १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली. सप्तकोटेश्वराचे लिंग नदी ओलांडून अलीकडे, आदिलशाही मुलखात आले. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथे देवालयाची उभारणी करविली. तसा शिलालेख आजही दारावर आहे. पोर्तुगीजांच्या हद्दीसमोर, नदीच्या काठावर, त्यांनी उखडलेला देव पुन्हा बसविणे ही नुसती भक्ती नव्हती. पलीकडच्या तीरावर बसलेल्याला तो निरोप होता. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये गोवा सरकारने याच देवळाचा जीर्णोद्धार पूर्ण करून मोठा समारंभ केला. त्याआधीच्या वर्षी, २०२२-२३ च्या अंदाजपत्रकात, पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपयांची तरतूदही झाली होती.

कदंब, पोर्तुगीज, शिवाजी महाराज आणि लोकनियुक्त सरकार, या चौघांचाही हात एकाच देवाला लागला. देव पाडणारा आणि देव बसविणारा यांना एका मापाने मोजावे असे मी म्हणत नाही. ज्याचे देऊळ पाडले त्याचे दुःख पाडणाऱ्याला कळत नाही. पण राज्यकर्त्याला देवाची गरज लागते, ही गोष्ट नवी नाही एवढेच मला दाखवायचे आहे.

आता आमच्या भागाची गोष्ट थोडी निराळी. तिसवाडी, बार्देस, सासष्टी या जुन्या काबिजादी. तिथे देवळे पडली, १५६० साली इन्क्विझिशन आले आणि मधली चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत राहिले. डिचोली १७८१ साली, सत्तरी त्याच्या पुढच्या वर्षी आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे आले. या नव्या काबिजादी. तोपर्यंत पोर्तुगीजांचा धर्मप्रसाराचा जोर ओसरला होता आणि शेजारच्या मराठ्यांचा धाकही होता. देवळांना, चालीरीतींना हात लावणार नाही, असे आश्वासन देऊनच त्यांनी इथे राज्य केले. म्हणून आमची सातेरी, आमचा रवळनाथ आपापल्या जागी राहिले. यात दया किती आणि हिशेब किती हा वेगळा प्रश्न. हिशेबच जास्त असणार, कारण हिशेब ठेवायला त्यांनी पुढे कायदाच केला.

तो कायदा माझ्या पोटापाण्याशी निगडित आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पोर्तुगालमध्ये ५ ऑक्टोबर १९१० रोजी राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. पुढच्याच वर्षी त्यांनी राज्य आणि चर्च यांची फारकत करणारा कायदा केला. त्याचा लाभ गोव्यातील हिंदूंना झाला. चारशे वर्षांनी ते कायद्याच्या नजरेत ख्रिस्ती शेजाऱ्याच्या बरोबरीला आले. शाळा, वाचनालये, मराठी नियतकालिके यांना त्या काळात बहर आला तो यामुळे. पुढे सालाझारची हुकूमशाही आली आणि १९४० साली पोपशी करार होऊन चर्चला पुन्हा मानाचे पान मिळाले. १९७४ साली तीही राजवट कोसळली. म्हणजे एकाच शतकात एकच देश धर्मविरोधी, मग धर्माभिमानी आणि मग पुन्हा सैल झाला. पोर्तुगालमधल्या खेडुतांची श्रद्धा काय दर तीस वर्षांनी उलटसुलट होत होती? ती आपल्या गतीने चालत होती. बदलत होते ते सरकार. 'राष्ट्र धार्मिक झाले' असे आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा राज्य धार्मिक झालेले असते. या दोन गोष्टींत गल्लत करू नये.

त्याच पोर्तुगीजांनी १९३३ साली हिंदू देवळांच्या कारभारासाठी नियमावली केली. आपण तिला महाजनी कायदा म्हणतो. देवळाचे महाजन कोण, त्यांची यादी कशी ठेवायची, दर तीन वर्षांनी अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार कसे निवडायचे, अंदाजपत्रक कोणाकडून मंजूर करून घ्यायचे, हे सगळे त्यात आहे. १९६१ साली पोर्तुगीज गेले, कायदा राहिला. आजही तालुक्याचा मामलतदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो. एका कॅथलिक राजवटीने हिंदूंच्या देवळांसाठी केलेला कायदा साठ वर्षांहून अधिक काळ आपण गुण्यागोविंदाने पाळतो आहोत.

एका मामलतदार कचेरीत काही वर्षे देवस्थानांचे टेबल माझ्याकडे होते. त्या फायलींनी मला धर्माविषयी जेवढे शिकवले तेवढे बी.ए.च्या तीन वर्षांत शिकलो नाही. पालखीला पहिला खांदा कोणाचा, जत्रेला पहिला नारळ कोणाचा, कोणत्या वांगडाचा मान आधी, कौल लावताना कोण कुठे उभा राहणार, यावरून भावाभावांत, वाड्यावाड्यांत तीन-तीन पिढ्यांची भांडणे. काही गावांत तर उत्सवाच्या दिवशी पोलीस आणावे लागतात, देवळाला कुलूप लावावे लागते. त्या शेकडो पानांत देवावर श्रद्धा आहे की नाही असा वाद मी एकदाही वाचला नाही. 'धर्म' हा शब्दसुद्धा क्वचित. वाद सगळा हक्काचा आणि मानाचा. म्हणजे आमच्या गावांत देऊळ राजकारणात आले असे म्हणणे बरोबर नाही. देऊळ हेच गावचे राजकारण होते. विधानसभा नव्हती, पंचायत निवडणूक नव्हती, तेव्हा माणसाची गावातली किंमत तिथेच ठरत होती. आणि अर्थात ज्याला देवळाच्या पायरीवर उभे राहायची परवानगी नव्हती, त्याची किंमतही तिथेच ठरत होती.

ही शेवटची गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे मुक्तीनंतरचे राजकारण समजते. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. सगळ्यांना वाटत होते काँग्रेस येणार. निवडून आला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, आणि समोर १२ जागा घेऊन युनायटेड गोअन्स. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. बाहेरच्या पत्रकारांनी लगेच लिहिले की मगो हा हिंदूंचा पक्ष आणि युनायटेड गोअन्स हा ख्रिस्त्यांचा. वरवर पाहता ते खरेही होते. पण आमच्या आजोबांनी सिंहावर शिक्का मारला तो हिंदू धर्म वाचवायला नव्हे. धर्म त्यांच्याकडे भरपूर होता, जमीन नव्हती. ज्यांच्या जमिनी ते कसत होते ते भाटकारही हिंदूच होते. भाऊसाहेबांनी १९६४ साली कूळ कायदा आणला, खेडोपाडी मराठी शाळा काढल्या. बहुजन समाजाला ज्या देवळात मान नव्हता त्याऐवजी मतपेटीपाशी मान मिळाला. तिथे पहिला नारळ कोणाचा हा प्रश्न नव्हता. भाटकाराचे मत एक आणि कुळाचेही एकच.

आणि जनमत कौलाचा निकाल पाहा. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. म्हणजे वैध मतांपैकी साडेपंचावन्न टक्के मते दोन पानांना. सगळ्याच्या सगळ्या ख्रिस्ती मतदारांनी दोन पानांवर शिक्का मारला असे धरले, तरी हा आकडा भरत नाही. मोघम हिशेब केला तरी चारातल्या निदान एका हिंदूने विलीनीकरणाविरुद्ध मत दिलेले दिसते. 'राष्ट्रमत' हे विलीनीकरणाविरुद्ध लढणारे दैनिक तर चक्क मराठीतून निघत होते. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे गाजलेले सदर त्यातलेच. पुढे दोन-अडीच महिन्यांत पुन्हा निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी पुन्हा मगोलाच निवडून दिले. महाराष्ट्रात जायचे नाही, पण बांदोडकर पाहिजेत! धर्म पाहून मत देणारी माणसे असे वागत नाहीत. प्रश्न बदलला की उत्तर बदलणारी, म्हणजेच विचार करणारी माणसे असे वागतात.

भाषेचेही तसेच. गोव्यात आज मराठी म्हणजे हिंदूंची भाषा असे समीकरण होऊन बसले आहे. भजन, कीर्तन, आरत्या मराठीत, म्हणून असेल. पण फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्र्याने येशूची कथा मराठी ओवीत गायिली आणि ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्या काळात नवख्रिस्ती गोमंतकीयाला आपला देव मराठीतून ऐकताना काही वावगे वाटत नव्हते. पुढे १६८४ साली स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान निघाले. १९८५ ते ८७ या काळातल्या राजभाषा आंदोलनाने उरलीसुरली वाटणी पूर्ण केली. भाषेला धर्म सरकारे चिकटवतात, आणि एकदा चिकटला की तो निघता निघत नाही.

मग काहीच बदलले नाही का? बदलले आहे, आणि बरेच बदलले आहे. पण ते 'धर्म वाढला' या दोन शब्दांत मावत नाही.

माझ्या लहानपणी धर्म म्हणजे बंधने होती. अमुक महिन्यात अमुक खायचे नाही, शिमग्यात घरटी एकाने गेलेच पाहिजे, राखणदाराला रोट दिल्याशिवाय बांधाला हात लावायचा नाही, दिवजांची वात स्वतः वळायची. देव जवळचा होता आणि कडक होता. चवथ घरातली होती. माटोळीसाठी रानातून कांगल्या, घागऱ्या आणायला मुलांनी डोंगर तुडवायचा. मग टीव्ही आला. १९८७ साली 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या अंगणात रविवारी सकाळी सगळा वाडा. त्याच वर्षी मे महिन्यात गोवा राज्य झाले. खाणींचा पैसा गावात आला, ट्रक आले, आणि त्या पैशाने देवळांचे रूप पालटले. चिऱ्याच्या भिंती जाऊन काँक्रीट आले, शेणाच्या जमिनीवर लाद्या आल्या. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पण तोवर उत्सवांचा आकार वाढून बसला होता. आणि उत्सव वाढला की खर्च वाढतो, खर्च वाढला की देणगीदार लागतो, देणगीदार बहुधा निवडणूक लढविणारा असतो. आता चतुर्थीच्या कमानीवर गणपतीपेक्षा शुभेच्छुकाचा चेहरा मोठा असतो.

गर्दीही वाढली. शिरगावच्या लईराईची जत्रा आमच्या तालुक्याचीच. धोंड भक्तगण व्रत पाळून होमकुंडातून जातात. मे २०२५ मध्ये त्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि निदान सहा माणसे गेली. पूर्वी चालत येणारा, ओळखीचा, आपल्या जागेवर उभा राहणारा जनसमुदाय होता. आता वाहनांनी येणारा लोंढा आहे. गर्दीला भक्तीचे माप समजणाऱ्यांनी त्या रात्रीची आठवण ठेवावी.

हे सगळे हिंदूंपुरतेच आहे असेही नाही. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाचे पहिले जाहीर प्रदर्शन १७८२ साली झाले, म्हणजे आमची नवी काबिजाद होत होती त्याच सुमारास. २०२४-२५ च्या प्रदर्शनाच्या वेळी सरकारी यंत्रणा जेवढी राबली तेवढी क्वचितच राबली असेल. आर्चबिशपांचे पत्र निघाले की त्याचा राजकीय अर्थ लावायला सगळी वर्तमानपत्रे धावतात. तरीही म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तेल वाहणारा हिंदू अजून आहे. तिला तो लईराईची बहीण मानतो. तो कोणत्याही पाहणीच्या कोष्टकात बसत नाही.

पण मला सर्वांत मोठा वाटणारा बदल वेगळाच आहे. तो सांगण्यासाठी २०२२ सालाची आठवण करून देतो. निवडून आलेले आमदार पक्ष बदलतात म्हणून काँग्रेसने त्या वर्षी जानेवारीत आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्षनिष्ठेची शपथ दिली. तिन्ही धर्म साक्षीला! ११ जण निवडून आले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांतले आठ जण भाजपमध्ये गेले. शपथेचे काय, असे पत्रकारांनी विचारले तेव्हा माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी, आपण देवाला विचारले आणि देवाने संमती दिली, अशा अर्थाचे उत्तर दिले. लोक हसले, त्यावर विनोद झाले. मी मात्र त्यांना एकट्याला दोष देणार नाही. कारण हाच प्रकार मी स्वतः केलेला आहे.

माझे आजोळ पेडणे तालुक्यात. तिथल्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी मी सुट्टी काढून गेलो होतो. जुना सभामंडप लाकडी खांबांचा, त्यावर नक्षी. तो पाडून स्लॅबचा मोठा मंडप घालायचा बेत होता. रीतीप्रमाणे कौल लावला. डावा पडला. देव नको म्हणाला. एरवी तिथेच विषय संपायचा. पण पैसे जमले होते, ठेकेदार ठरला होता, पाहुणे कोण बोलवायचे तेही ठरले होते. कोणीतरी म्हणाले, गाऱ्हाणे नीट घातले नसेल, परत विचारूया. दुसऱ्यांदाही डावाच. तेव्हा मीच म्हणालो, "आज वेळ बरी नाही, उद्या लावूया." मी शिकलेला, सरकारी नोकर, माझा शब्द मानला गेला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा लावला तेव्हा उजवी पाकळी पडली. सगळ्यांनी जयजयकार केला, मीही केला. मंडप आता प्रशस्त आहे. नक्षीचे खांब काही दिवस मागच्या बाजूला पावसात पडून होते. पुढे ते कुठे गेले याची चौकशी करायचे धैर्य मला झाले नाही.

तेव्हापासून मला वाटत आले आहे की देश जास्त धार्मिक झाला की नाही, हे देवळांच्या कळसांवरून किंवा मिरवणुकांवरून ठरवू नये. एकच विचारावे: देव आपल्याला 'नाही' म्हणू शकतो का? आजोबांच्या पिढीचा देव 'नाही' म्हणत असे आणि ती माणसे मुकाट्याने घरी जात. तो अंधविश्वास होता म्हणा हवे तर. पण त्या विश्वासाला किंमत मोजावी लागत असे. आजच्या आमच्या देवाला 'नाही' म्हणायची मुभा राहिलेली नाही. नेत्याने विचारले तर तो हो म्हणतो, पक्षाने विचारले तर हो म्हणतो, माझ्यासारख्या कारकुनाने तिसऱ्यांदा विचारले तर मलाही हो म्हणतो. ज्या देवाचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असते, त्याची भक्ती वाढली असे म्हणण्यात अर्थ नाही. वाढले आहे ते आपले स्वतःचे म्हणणे, आणि त्याला देवाचा शिक्का. असा शिक्का मारलेल्या म्हणण्याशी वाद घालता येत नाही, राजकारणात त्याचा धोका हाच. मत चुकले तर पाच वर्षांनी दुरुस्त करता येते. देवाने सांगितलेले कोण दुरुस्त करणार?

आणि त्या गुरवाचे शहाणपण मला यातच दिसते. गावातल्या चार प्रतिष्ठितांना उजवा किंवा डावा कौल मिळवून देणे त्याला कठीण नव्हते. पाकळी जराशी सैल लावली की काम झाले असते. त्याने तसे केले नाही. दिवसभर वाट पाहिली आणि जे देवाचे काम नाही ते माणसांकडे परत दिले. त्याने ना राज्यघटना वाचली होती, ना धर्मनिरपेक्षता हा शब्द ऐकला होता. तो पूर्ण श्रद्धाळू माणूस होता. श्रद्धाळू होता म्हणूनच देवाच्या नावावर आपले मत खपवायची त्याला भीती वाटली असणार.

असो. गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. आजोबांनी फुलाला मत दिले आणि निकालानंतर दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आजीने मला सांगितले की तिने दोन पानांवर शिक्का मारला होता. मुंबईला गेलेला माणूस परत येत नाही, हे तिने आपल्या दिराच्या बाबतीत पाहिले होते. आजोबांना तिने हे कधी कळू दिले नाही. "देवाला तरी सांगितलेस का?" मी गमतीने विचारले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला कशाला सांगायचे? त्याने आम्हालाच बघायला सांगितले होते ना?"